काठावरची नोकरी

अपंग मुलांच्या निवासी शाळेत मी खेळाचा मास्तर होतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे पाहतो. ते धड आहेत याची खात्री झाली, की मग प्रश्न येतो. शेलूबाजारच्या आमच्या एका काकांनी तो माझ्याच लग्नाच्या पंगतीत विचारला होता. "काहून रे बापू, तिथले पोट्टे चालतच नाहीत म्हन्तेत, मंग तू दिवसभर त्यायले खेळवतं तरी काय?" पंगत हसली. मीही हसलो. खरं म्हणजे त्याचं उत्तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

आमची शाळा कारंज्याच्या बाहेर, कपाशीच्या वावरांमध्ये. त्या काळी आलेली मुलं बहुतेक पोलिओची. लहानपणी ताप येतो, उतरतो आणि जाताना पाय घेऊन जातो. कोणाचा एक, कोणाचे दोन्ही. वेळापत्रकात शेवटचा तास 'खेळ' असा लिहिलेला असे. मी मुलांना मैदानात आणून ताडपत्रीवर बसवायचो. कॅरम, बुद्धिबळ, बसल्या बसल्या चेंडू फेकणं. मुलं खेळायची, पण नजर कुंपणापलीकडे असायची. तिकडे गावातली पोरं धावत असायची. मैदानासारख्या मोकळ्या जागेत आणून मी या मुलांना आणखीच बसवून ठेवलं, असं मला वाटत राही.

आमचं घर माळ्याचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून कारंज्याच्या बाजारात नेणारं. मळ्यातल्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून बापानं मला ढकललं आणि मी पोहायला शिकलो. शाळेला लागून एका शेतकऱ्याची अशीच रुंद, दगडी बांधणीची विहीर होती. एका उन्हाळ्यात मी सहज तिथं पोहत होतो आणि मुलं कुबड्या टेकत काठावर येऊन उभी राहिली. पाण्यातून वर पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की पाण्यात माझेही पाय कुठे टेकलेत?

पायांत जोर नसलेल्याला पोहायला शिकवणं ही वेगळी विद्या आहे. वाळलेले पाय हलके असतात. ते आपोआप वर येतात आणि डोकं खाली जातं. म्हणून सुरुवात पालथं नाही, उताणं. मास्तरचा एक हात मानेखाली, एक कमरेखाली. कान पाण्यात बुडाले की मूल घाबरतं, कारण जगाचा आवाज बंद होतो. त्या वेळी बोलून उपयोग नसतो, चेहरा शांत ठेवावा लागतो. पोलिओचे पाय फार लवकर गारठतात, निळे पडतात, म्हणून पाण्याबाहेर आलं की आधी पाय पुसायचे, चोळायचे, फडक्यात गुंडाळायचे. विहिरीत उतरवायला आम्ही बाज वापरायचो. चार कोपऱ्यांना दोर, वर कप्पी, बाजेवर मूल.

एका मुलीचा बाप मानोऱ्याकडून तिला भेटायला आला आणि नेमकी ती बाजेवरून खाली जात होती. तो धावतच आला. "मास्तर, चालता येत नाही म्हनून शाळेत टाकली, तुमी तिले हिरीत टाकता?" मी काही बोलायच्या आत खालून पोरीचा आवाज आला, "बाबा, तुमी जरा तिकडं सरका, सावली पडून राह्यली." ती उताणी तरंगत होती. बाप विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसला. बराच वेळ पाहत राहिला. जाताना मला एवढंच म्हणाला, "पहिल्यांदा तिले कोनी धरलं नाही असं पाह्यलं."

या कामात धरणं सोपं असतं. नेमक्या वेळी हात काढून घेणं अवघड. आणि हात काढून घेतला, मूल तरंगलं, की ते तुमच्याकडे पाहत नाही. ते आभाळाकडे पाहतं. मास्तर काठावर येऊन बसतो. वर्षानुवर्षं मी असा काठावर बसलो. अशा मुलांना पोहता करणारा म्हणून मला लोक ओळखू लागले, याचा अभिमान होता, अजून आहे. पण संध्याकाळी शाळेतल्या माझ्या खोलीत गेलो की बोलायला कोणी नसे. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हा बायको आजारानं गेली. मूलबाळ नव्हतं. भाऊ म्हणाले मळ्यात राहायला ये. गेलो नाही. भरल्या घरात एकटं राहण्यापेक्षा रिकाम्या खोलीत राहिलेलं बरं वाटलं.

रंजना मॅडम आमच्याकडे शिवणकाम शिकवायला आल्या तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. त्या माझ्याहून बऱ्याच लहान. राहायला शाळेतच, माझ्या समोरच्या खोलीत. दोन्ही पायांना पोलिओ. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि दोन कुबड्या. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यातलं बौद्ध कुटुंब, बाप मजुरी करणारा. त्या बापानं मुलीला पाठीवर बसवून गावच्या शाळेत नेलं, पुढे हायस्कुलातही नेलं. लोक म्हणायचे, लंगड्या पोरीले शिकवून काय करतं? तो म्हणायचा, "बाबासायबानं शिका म्हनलं, त्यात पायाचं काही सांगतलं नाही." मॅडमना नोकरी लागली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. आईही पाठोपाठ गेली. भावाचं घर होतं, पण तिथं गेलं की भावजय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाट आडवा ठेवायची, असं मॅडमनी कधीतरी सांगितलं होतं. उंबऱ्यावर पाट असला की कुबड्या आत जात नाहीत.

पोहण्याच्या तासाला मॅडम विहिरीच्या काठावर येऊन बसायच्या आणि वर आलेल्या मुलांचे पाय पुसायच्या. बोलणं कमी. मुलांना पुसताना मात्र त्यांची बोटं पाण्यावरून फिरल्यासारखी फिरायची.

मे महिन्यात मुलं घरी जात. शाळेत मी, स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाई आणि मॅडम एवढेच उरत असू. अशाच एका सकाळी मी कप्पीला तेल देत होतो. मॅडम हळूहळू चालत आल्या, कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"सर, मोठ्या मानसाले येते का हे?"

"काय?"

"पोह्यनं. का फक्त पोट्ट्यायलेच येते?"

मी म्हटलं, "येते. पन मोठ्या मानसाले भेव जास्त असते."

"ते तं मले जमिनीवरही हाये," त्या म्हणाल्या. "मंग शिकवा."

शेवंताबाईंना बोलावलं. त्यांनी अट घातली, की त्या सबंध वेळ काठावर बसणार आणि गावात कोणी काही बोललं तर उत्तर त्याच देणार. मॅडमनी स्वतःच्या हातानं पोहण्याचा पोशाख शिवला. पहिला टेरिकॉटचा. तो पाणी पिऊन इतका जड झाला, की त्या त्याच्यासकट बुडाल्या. वर काढलं तर खोकत खोकत म्हणाल्या, "कापड चुकलं." दुसरा त्यांनी शाळेच्या जुन्या ट्रॅकसूटचा केला, तो बसला.

मी आयुष्यात खूप जणांना पाण्यात सोडलं, पण असे हात पाहिले नव्हते. जन्मभर कुबड्यांवर अंगाचा भार उचललेले खांदे ते. उताणं तरंगणं आलं, मग पालथं, मग श्वास. मुलं आभाळाकडे पाहायची. मॅडम डोळे मिटून घ्यायच्या. पावसाळा लागायच्या आत त्या विहिरीत एका काठाहून दुसऱ्या काठाला सहज जाऊ लागल्या. मग एक दिवस पाण्यातूनच म्हणाल्या, "सर, इथं फिरून फिरून घान्याच्या बैलावानी होऊन राह्यलं. याहून मोठं पानी नाही का?"

मोठं पाणी म्हणजे अडाणचं धरण. तिथं किसन नावाचा भोई मासे धरायचा. माझी त्याची जुनी ओळख. आठवड्यातून एकदा मी, मॅडम आणि शेवंताबाई रिक्षानं धरणावर जायचो. शेवंताबाई काठावर बसत, मी आणि किसन त्याच्या लहान होडीत, डोंग्यात, मॅडम पाण्यात, आणि त्यांच्या कमरेला बांधलेला दोर माझ्या हातात. पहिल्या दिवशी किसन घाबरला. "बाई, इथं लय खोल हाये हो. पाय टेकत नाहीत."

मॅडम हसल्या. "भाऊ, माहे पाय गुडघाभर पान्यातही टेकत नाहीत. मले सगळं पानी सारखंच."

असं जवळजवळ वर्षभर चाललं. एकदा त्यांचा पाय किसनच्याच जाळ्यात अडकला. धडधाकट माणसानं पाय झाडून जाळं सोडवलं असतं. त्यांना पाय झाडता येत नव्हता. मी उडी मारायच्या बेतात होतो, तर त्या उताण्या झाल्या, हात पसरले आणि मला म्हणाल्या, "तुमी नका येऊ. पानी हललं तं आनखी गुंतीन." किसननं डोंगा जवळ नेला, पाण्यात हात घातला आणि सुरीनं स्वतःचं जाळं कापलं. मॅडम तोवर ढगांकडे पाहत होत्या. मी मात्र हातातला दोर मनगटाला गुंडाळत होतो.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "सर, मले हे धरन पार करायचं हाये. या काठापासून त्या काठापर्यंत."

"करू."

"करू नाही. मी एकटी. दोर नको. डोंगा बाजूले नको."

मी नाही म्हणालो. पुढचे कितीतरी दिवस नाहीच म्हणत राहिलो. मी कारणं दिली. वारा, थंडी, गोळे येतात, खांदा भरून येतो. त्या ऐकून घ्यायच्या. शेवटी एका दुपारी शिवणाच्या वर्गात मशीन थांबवून त्यांनी मला समोर बसवलं.

"सर, मी जनमली तशी कोनी ना कोनी माह्या बाजूले हाये. उचलाले, धराले, दार उघडाले, बसमधी चढवाले. सगळे चांगले. मी कोनाले नावं नाही ठेवत. पन एकदा तरी असं व्हावं, का माह्या आजूबाजूले कोनीच नाही. आन् तरी मी हाये."

मी विचारलं, "आन् काही झालं तं?"

"तं होईन. चालत्या मानसाले होत नाही का?"

 आम्ही तोड काढली. किसननं मागून यायचं, हाक ऐकू येईल इतकं दूर, आणि मॅडमना मान वळवल्याशिवाय दिसणार नाही असं. मी त्यांचे कॅलिपर आणि कुबड्या मोटरसायकलला बांधून धरणाला वळसा घालायचा आणि पलीकडच्या काठावर उभं राहायचं.

दिवाळी नुकतीच झाली होती. धरण भरलेलं. ऊन वर आलं, पाण्यावरची वाफ गेली, तेव्हा शेवंताबाईंनी आणि मी मॅडमना पाण्यात बसवलं. कॅलिपरचे पट्टे मीच सोडले. त्या एवढंच म्हणाल्या, "सांभाळून न्या. तिकडं गेल्यावर लागतीन." मग वळल्या आणि हात मारायला लागल्या. मी थोडा वेळ पाहिलं आणि गाडीला किक मारली.

वळशाचा रस्ता कच्चा, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरांतून जाणारा. मागे लोखंड खणखणत होतं. त्या रस्त्यावर माझ्या मनात एकच विचार येत होता. या घटकेला पाण्यात एक बाई आहे आणि तिचे पाय माझ्या गाडीवर आहेत.

पलीकडे पोचलो. गाळाच्या जमिनीवर बाभळी होत्या, माणूस कोणी नाही. पाण्यावर पाहिलं, काही दिसेना. ऊन समोरून येत होतं, सगळं पाणी पत्र्यासारखं चकाकत होतं. काळं डोकं दिसलं म्हणून जीव भांड्यात पडला, तर त्याला पंख फुटले. पाणकावळा होता. आणखी एक डोकं, तेही पाणकावळ्याचं. मग वारा सुटला. आधी बाभळीच्या शेंड्यांना कळलं, मग पाण्यावर बारीक लाटा उठल्या, मग मोठ्या. मी कुबड्या हातात धरून काठावर इकडून तिकडे चालत राहिलो.

शेवटी डोंगा दिसला. किसन जोरजोरात वल्हवत येत होता. काठाला लागायच्या आतच ओरडला, "मास्तर, बाई आल्या का इकडं?"

मला त्याचं बोलणं समजायलाच वेळ लागला.

"तुह्या समोर होत्या ना त्या?"

"होत्या हो! हवा सुटली, लाटा उठल्या, मंग दिसल्याच नाहीत. म्या हाका मारल्या. मले वाटलं पुढं आल्या."

किसन डोंगा फिरवून परत पाण्यात गेला. मी वाऱ्याच्या रोखानं काठाकाठानं पळत सुटलो. एका हातात कुबड्या, दुसऱ्या हातात कॅलिपर, चिखलात चपला रुतून गेल्या. त्यांचं नाव घेऊन ओरडत होतो. 'मॅडम' नाही, नुसतं 'रंजना'. तसं मी कधी हाक मारली नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. मनात काय काय येत होतं. भावाला काय सांगू? शाळेत काय सांगू? आणि सगळ्यांच्या मागे एक वेगळीच भीती, की आता रोज रात्री मी कोणाच्या खिडकीतला दिवा पाहून झोपणार?

काठाला एक वळण होतं. ते ओलांडलं आणि त्या दिसल्या. वाऱ्यानं त्यांना पुष्कळ बाजूला नेलं होतं. उथळ पाण्यात, छातीपर्यंतच्या पाण्यात चिखलावर बसल्या होत्या. पाठ माझ्याकडे. केस मानेला चिकटलेले. खांदे वरखाली होत होते.

"मॅडम!"

त्यांनी मान वळवली नाही. फक्त एक हात वर केला.

"थांबा, सर."

"अवो, लागलं का काही?"

"नाही. तिथंच थांबा. इतक्यात येऊ नका."

मी थांबलो. चिखलात अनवाणी, हातात त्यांचे पाय घेऊन. आधी राग आला. मग इतकं हलकं वाटलं, की खाली बसावंसं वाटलं. त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या, जिथून आल्या तिकडे पाहत. तिथं त्यांच्याजवळ जायला मला जागा नव्हती. मी त्यांचा मास्तर होतो, मीच शिकवलं होतं, आणि त्या वेळी मी त्या काठावरच्या कुठल्याही बाभळीसारखा होतो. तिथं उभ्या उभ्या मला कळलं, की ही बाई मला आपल्या घरात हवी आहे.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "या आता."

मी त्यांना बाहेर काढलं, पाय पुसले. ते निळे पडले होते. मी चोळत होतो आणि विचारलं, "कसं वाटलं?"

त्या म्हणाल्या, "मधात गेल्यावर हवा सुटली. लाटायमधी हाही काठ दिसेना, तोही दिसेना. किसनभाऊही दिसेना. म्या जोरानं ओरडून पाह्यलं. कोनीच आलं नाही." मग माझ्याकडे वळून, "सर, लय बरं वाटलं."

किसन आला तेव्हा रडायच्या बेतात होता. "बाई, माहा जीव घेतला असता तुमी." मॅडमनी त्याचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. माझी मागितली नाही. मीही ती अपेक्षा केली नाही.

ही बातमी तालुकाभर झाली. सत्कार झाले. एका सत्कारात पुढाऱ्यांनी देव आणि जिद्द यांच्यावर इतकं लांब भाषण केलं, की कॅलिपरवर उभ्या उभ्या मॅडमचे ओठ पांढरे पडले. खुर्ची द्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. शाल घेताना त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "एवढ्या वेळात मी परत पोहून आली असती." पुढे त्या कोकणात समुद्रात पोहून आल्या. मी गेलो नव्हतो, शाळेची परीक्षा होती. आल्यावर सांगितलं, समुद्राचं पाणी आपल्याला वर उचलून धरतं, आपल्या धरणासारखं नाही. त्यानंतर नागपूरच्या एका संस्थेनं त्यांना बोलावलं. अपंगांसाठी तलाव होता, शिकवायला माणूस हवं होतं. त्यांनी लगेच होकार दिला.

जायच्या आदल्या दिवशी त्या शिवणाच्या वर्गात सामान बांधत होत्या. मी दारात उभा राहिलो.

"मॅडम, गेल्याशिवाय चालत नाही का?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "काहून, सर?"

मी खोलीतून वाक्यं जुळवून गेलो होतो, ती सगळी विसरलो. "मी एकटा हाओ. तुमीही एकट्या. आपन लग्न करू."

त्या दचकल्या नाहीत. म्हणजे त्यांना ठाऊक असावं. "तुमच्या घरच्यायले विचारलं?"

"नाही विचारलं. विचारनारही नाही. माहं वय विचाराचं राह्यलं नाही."

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "सर, दुसरं कोनी असतं तं मी काही तरी बहाना सांगतला असता. तुमाले खरं सांगते. लहानपनी बापाच्या पाठीवर, मंग भावाच्या दारात, मंग या शाळेच्या आसऱ्यानं. लोक म्हनत, बिचारी एकटी. पन मी एकटी कधी नव्हतीच, मी कोनाच्या ना कोनाच्या गळ्यात होती. एकटं असनं काय असते, ते मले त्या धरनाच्या मधात पह्यल्यांदा कळलं. आता कुठं ते जमून राह्यलं. मले ते सोडवत नाही."

मी म्हटलं, "मी गळ्यात पडन्यातला मानूस नाही."

"तुमी नाही. पन मी पडीन," त्या म्हणाल्या. "तुमी चांगले आहा, म्हनून पडीन."

 मी त्यांची पेटी दोरीनं बांधून दिली. दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. कंडक्टर त्यांना धरायला पुढे झाला, त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि दांड्याला धरून हातांच्या जोरावर स्वतःला आत ओढून घेतलं. खिडकीतून त्यांनी हात केला. नागपूरची बस यवतमाळ रोडकडे नाही, अमरावतीकडे वळली, एवढंही मी नीट पाहिलं.

पुढची माझी नोकरी तशीच गेली. शाळेत मुलं कमी कमी होत गेली, आणि त्याचं कारण चांगलं होतं. देशातून पोलिओ गेला. दोन थेंबांनी मुलांचे पाय वाचले. मी स्वतः कितीदा बूथवर बसून मुलांच्या तोंडात ते थेंब टाकलेत. माझ्या हातची विद्या ज्या दुखण्यासाठी होती ते दुखणंच संपलं. असा धंदा बसला तर माणसानं पेढे वाटावेत. मीही आनंदी होतो. फक्त शेवटच्या वर्षी खेळाच्या तासाला मी ताडपत्री अंथरली, तेव्हा तिच्यावर फार थोडी मुलं होती, आणि त्यांचे आजार वेगळे, नव्यानं शिकावे लागतील असे. ते मी शिकलो नाही. निवृत्त झालो. आता कारंज्यात दोन खोल्यांत राहतो. सकाळी जैन मंदिरापर्यंत फिरून येतो, दुपारी वर्तमानपत्र सगळं वाचतो, जाहिरातींसकट. शेवंताबाई गेल्या. किसन पोरांकडे पुण्याला गेला.

मॅडमचा फोन सणावाराला येतो. त्यांच्या तलावावर शिकलेल्या मुलींची नावं सांगतात. मी पोळा कसा झाला ते सांगतो, कपाशीचे भाव सांगतो. तेवढंच.

या वर्षी फोन सण नसताना आला. आवाज नेहमीचाच होता.

"सर, डॉक्टर म्हन्तेत, पोलिओ परत येते."

"असं कुठं असते?"

"तसा नाही. पन ज्यायले लहानपनी झाला, त्यायचे धडके राह्यलेले स्नायू म्हातारपनाकडं थकतेत म्हने. जन्मभर जास्त काम केलं ना त्यायनं." मग म्हणाल्या, "माहे खांदे जाऊन राह्यले, सर. कुबड्या सुटल्या. खुर्चीवर हाये."

 मास्तरच्या तोंडून मास्तरचाच प्रश्न आला. "पान्यात जाता का?"

"जाते. पोरी उतरवून देतेत. हात मारू नका म्हनलं डॉक्टरनं. नुसती तरंगते."

"मी येऊ का नागपूरले?"

 मागे तलावावरचा गलबला ऐकू येत होता, कोणी मूल पाण्यात हसत होतं.

"इतक्यात नको, सर," त्या म्हणाल्या. "सांगीन मी."

"बरं."

 माझ्या खोलीत पंखा फिरत होता. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, फोन कटला.

"सर, आहा का तुमी?"

"हाओ."

 तिकडे त्या, इकडे मी. त्या गलबल्यात त्यांचा श्वास मला मधून मधून ऐकू येत होता. फोन मात्र दोघांपैकी कोणीही ठेवला नाही.